वाइरोआच्या बांधावरून ये-जा करण्याबाबत

प्रति,
मा. संरक्षण अधिकारी,
प्राचीन शेती अवशेष जतन कक्ष,
रारोटोंगा.

अर्जदार : श्रीमती तेपाएरू रुआतोए, वय ६७, व्यवसाय अळूची शेती,
राहणार वाइरोआचे खाचर, दक्षिण खोरे, मांगाइया बेट.
(सध्या केव्हाही घरीच भेटेल.)

विषय : वाइरोआच्या खाचराच्या दगडी बांधावरून ये-जा करण्यास, बांधाचे दार उघडण्यास व एक दगड काढून परत बसविण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपला संरक्षण आदेश, दि. ३ सप्टेंबर २०१८.
२) माझा अर्ज, दि. १२ सप्टेंबर २०१८.
३) आपले नकाराचे उत्तर, दि. २६ सप्टेंबर २०१८.
४) आपले पत्र ‘बांधातील धातूबाबत’, दि. ३ ऑक्टोबर २०१८.

महोदय,

१. वरील विषयास अनुसरून सविनय अर्ज करते की, मी गेले पस्तीस दिवस माझ्या राहत्या घराबाहेर पडू शकलेली नाही. मी आजारी नाही. पाय शाबूत आहेत. दाराला कुलूप नाही. माझे घर अळूच्या खाचरांच्या मधोमध एका उंचवट्यावर आहे, चारी बाजूंना चिखल आहे आणि बाहेर जाण्याची वाट म्हणजे दगडी बांध. आपल्या आदेशाच्या कलम ३ प्रमाणे बांधावर पाय ठेवण्यास मनाई आहे. कलम ४ प्रमाणे चिखलात पाय घालण्यास मनाई आहे, कारण चिखलात सहाशे वर्षांपूर्वीचे परागकण आहेत. आणि कलम ७ प्रमाणे मला या घरातून हलविण्यासही मनाई आहे. रहिवाशांचा रहिवास ‘आहे तसा’ ठेवावा असे त्यात म्हटले आहे. आदेश लागू झाला त्या सकाळी मी ओसरीवर चहा पीत होते. तेव्हापासून मी आहे तशी आहे.

२. आपण रखवालदार म्हणून ज्यांना नेमले ते श्री. तेआओ हे माझ्या दिवंगत पतींचे धाकटे बंधू, म्हणजे माझे दीर. ते बांधाच्या पलीकडच्या टोकाला नीरफणसाच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसतात. आपण दिलेली टोपी त्यांना लहान होते, शिट्टी मात्र चांगली वाजते. पहिल्या दिवशी मी नेहमीप्रमाणे पिशवी घेऊन बांधावर पाऊल टाकताच त्यांनी ती वाजविली.

“वहिनी, पाय मागं घ्या!”

“अहो भावोजी, मी दुकानात चाललेय. साखर संपलीय.”

“ते कळतंय हो मला. पण कलम तीन आहे ना.”

“मग काय उडत येऊ?”

“उडायला मनाई नाही,” ते म्हणाले. “मी सगळं वाचून बघितलंय.”

महोदय, ते थट्टा करीत नव्हते. भावोजींनी आपला आदेश खरोखरच पहिल्या ओळीपासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचला आहे, आणि आजतागायत रोज वाचतात. माझ्या बाहेर पडण्याच्या अकरा प्रयत्नांची नोंद त्यांनी वहीत तारीखवार केली आहे. वही प्रामाणिक आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तिसऱ्या दिवशी मी सुचविले की बांधावर फळी टाकावी व मी फळीवरून चालावे. भावोजींनी आपल्या कार्यालयास फोन केला. उत्तर आले की फळी चालेल, मात्र फळीचा बांधाला स्पर्श होता कामा नये. भावोजी फळी हातात धरून बराच वेळ बांधाकडे बघत उभे राहिले आणि मग ती परत नेऊन ठेवली.

त्यानंतर त्यांनीच नीरफणसाच्या फांदीपासून माझ्या ओसरीच्या खांबापर्यंत दोरी बांधली. दोरीवरून बादली ये-जा करते. बादलीतून पाव, मासे, रक्तदाबाच्या गोळ्या व गावच्या बातम्या येतात. हवेतून जाणाऱ्या बादलीबद्दल आदेशात कलम नाही. पाच रविवार मी प्रार्थनेला जाऊ शकलेली नाही. पाद्रीसाहेब दुपारी बांधाच्या टोकाशी येऊन मोठ्या आवाजात प्रार्थना सांगतात आणि मी पांढरी विणलेली टोपी घालून ओसरीवरून ‘आमेन’ म्हणते. वारा समुद्राकडचा असला तर माझा आमेन उशिरा पोचतो, तोवर पाद्रीसाहेब पुढे गेलेले असतात. एवढे दिवस देवाच्या मागे राहण्याची मला सवय नाही.

३. मूळ चूक माझी आहे व ती मी लपवीत नाही. गेल्या वर्षी मे महिन्यात संशोधक बाई डॉ. लॉर्ना येथे आल्या. बाई चांगल्या. गुडघाभर चिखलात उतरत, नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पाने दोनदा मागून घेत, आणि नळ्यांत चिखल भरताना त्या चिखलाशी अशा काही बोलत की मला हसू येई. त्यांनीच मला सांगितले की खाली, हातभर खाली, सहाशे वर्षांपूर्वीच्या अळूच्या खुणा आहेत. त्या वेळच्या माणसांनी डोंगरावरचे रान जाळून मोकळे केले त्याचा कोळसासुद्धा आहे. ते ऐकून मला रडू आले. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या हेच सांगत आलो होतो, आणि पहिल्यांदाच कुणीतरी ‘हो, खरे आहे’ म्हटले.

मग बाईंनी विचारले, “मावशी, हा बांध कुणी बांधला?”

मी म्हणाले, “वाइरोआनं.”

शेजारी भावोजी होते. तेही म्हणाले, “वाइरोआनंच. दुसरं कोण बांधणार?”

बाईंनी लिहून घेतले. आम्ही दोघांनी सही केली.

महोदय, आपण आता मोठ्या कार्यालयात बसता, पण आपले आजोबा बेटावरचेच असतील, म्हणून हे आपणांस ठाऊक असावे. आमच्यात ज्या खाचराला ज्या पूर्वजाचे नाव, त्या खाचरातले सगळे काम त्या पूर्वजाने केलेले असते. आज सकाळी मी गवत उपटले तरी ते वाइरोआने उपटले. ‘मी केले’ असे चारचौघांत म्हणणारा माणूस बढाईखोर ठरतो आणि त्याच्या अंगणात कुणी जेवायला बसत नाही. उलट म्हातारी माणसे वाइरोआबद्दल बोलताना सरळ ‘मी’ म्हणतात. माझे सासरे या ओसरीवर बसून सांगत, “मी होडीतून उतरलो तेव्हा इथं नुसतं लव्हाळं होतं.” ते जन्मात बेटाबाहेर गेले नव्हते. पण कुणी हसत नसे.

वस्तुस्थिती अशी की, बांधाचे खालचे तीन थर कुणी रचले हे जिवंत माणसांपैकी कुणी पाहिलेले नाही. वरचे पाच थर माझे पती रुआतोए यांनी तुफानाच्या वर्षी, म्हणजे चौतीस वर्षांपूर्वी रचले. डोंगरावरून लोंढा आला व बांध वाहून गेला होता. मागे भरायची माती भावोजींनी वरच्या जुन्या खाचरातून टोपल्यांनी वाहून आणली. त्या मातीतला कोळसा बाईंना सापडला, आणि तो खरोखरच सहाशे वर्षांचा असेल, कारण माती जुनी होती. मी ओली बाळंतीण होते, म्हणून ओसरीवर बसून चुकलेले दगड दाखवीत होते. तेव्हा भावोजींनी विचारले होते, “दादा, दमलास का?” यजमान म्हणाले होते, “वाइरोआ कधी दमतो का?” हातात दगड रुआतोएचा आणि नाव वाइरोआचे, अशा रीतीने तो बांध उभा राहिला. बाईंनी विचारले तेव्हा आम्ही खोटे बोललो नाही. आम्ही चांगल्या घरची माणसे बोलतात तसे बोललो.

४. ही सर्व हकीगत मी १२ सप्टेंबरच्या अर्जात लिहिली. ती लिहिणे मला सोपे गेले नाही. आपले उत्तर आले : ‘आपले मे महिन्यातील निवेदन व कोळशाचे कालमापन यांत पूर्ण एकवाक्यता आहे. लोकपरंपरा आणि विज्ञान इतके जुळल्याचे उदाहरण दुर्मीळ असल्याने त्यात बदल करता येणार नाही. आपले नंतरचे निवेदन हितसंबंधातून आलेले दिसते. बांध अलीकडचा असल्याचा वस्तुरूप पुरावा असल्यास सादर करावा.’

दरम्यान बातमी गावात पसरली. दुकानदारीणबाईंनी पावाबरोबर बादलीत निरोप पाठविला तो असा : “तेपाएरू म्हणते बांध तिच्या नवऱ्यानं बांधला! उद्या म्हणेल समुद्रही त्यानंच भरला.” म्हणजे आपल्या कार्यालयात मी स्वार्थी ठरले आणि गावात बढाईखोर. सत्य एकदाच सांगितले आणि दोन्हीकडून गेले.

५. आता खाचराची स्थिती सांगते. बांधाचे दार म्हणजे एक चपटा दगड आहे. तो सकाळी उचलायचा, पाणी सोडायचे, सूर्य डोक्यावर आला की परत लावायचा. कलम ६ प्रमाणे तो हलविण्यास मनाई आहे. आदेश आला तेव्हा दार लावलेले होते, म्हणून ते लावलेलेच आहे. खाचरातले पाणी साचून कोमट झाले आहे व कंद बुडाशी मऊ पडू लागले आहेत. त्यांचा वास ओसरीवर येतो. वरच्या पाटाचे पाणी दाराशी तुंबून बांधाच्या मागे चढत आहे. बांधाला पोट आले आहे. आणखी महिनाभर आपण त्याचे असेच जतन केले तर तो पडेल.

कंद काढावेत तर कलम ९ आडवे येते, त्यात रोप उपटण्यास मनाई आहे. आमच्यात काढणी आणि लागवड ही दोन कामे नाहीत. कंद कापून टोपलीत टाकायचा आणि वरचा देठ त्याच सकाळी त्याच खळग्यात परत लावायचा. त्यामुळे काढणी थांबली की सगळेच थांबते.

याहून मोठी अडचण अशी. आमच्या पाणथळाचे प्रमुख, ज्यांना आम्ही कावाना म्हणतो, ते दरवर्षी लागवडीच्या दिवसांत सगळी खाचरे पायी फिरून पाहतात. ज्या खाचराला माणसाचा हात लागलेला दिसत नाही ते त्या घराकडून काढून पुढच्या वारसाला देतात. कारण विचारीत नाहीत, कागद बघत नाहीत, चिखल बघतात. यंदा ते २० ऑक्टोबरला, शनिवारी फिरणार आहेत. (ते बांधावरून चालणार कसे, असे भावोजींनी आपणांस विचारले आहे. उत्तर आलेले नाही.) बेटावर राहणारे माझ्यानंतरचे वारस भावोजीच आहेत. हे मी त्यांच्याविरुद्ध लिहीत नाही. त्यांना खाचर मिळाले तरी त्यात उतरल्याबरोबर त्यांना स्वतःच्या नावाची नोंद स्वतःच्याच वहीत करावी लागेल.

६. माझे शेजारी श्री. तुरी यांच्या डुकराबाबत थोडे लिहिणे आवश्यक आहे. हे डुक्कर दररोज सकाळी वाइरोआच्या बांधावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाते, माझ्या ओसरीखाली नारळाचा चोथा खाते आणि त्याच वाटेने परत जाते. आदेशात मनाई ‘व्यक्तींना’ असल्याने भावोजींच्या वहीत त्याला रकाना नाही. ते फक्त त्याच्याकडे नाराजीने बघतात. श्री. तुरी यांचा डुकराचा गोठा आपल्या रेषेच्या आत येतो. आदेश निघाला तेव्हा तो अर्धा बांधून झाला होता, म्हणून आपण कलम ११ प्रमाणे, ‘अधिसूचनेच्या दिवशी चालू असलेले बांधकाम पूर्ण करता येईल’, या आधारे त्यांना परवानगी दिलीत. गोठा पूर्ण झाला. छप्पर चांगले आहे. मला हेवा वाटतो असे नाही, पण सकाळी ते डुक्कर माझ्या नवऱ्याच्या बांधावरून ऐटीत जाताना पाहिले की चहा गोड लागत नाही.

७. आता आपल्या ३ ऑक्टोबरच्या पत्राबाबत, ज्यामुळे हा अर्ज करणे भाग पडले. आपण लिहिता की यंत्राने तपासणी केली असता बांधाच्या दाराजवळ, चौथ्या थराच्या आत धातूची वस्तू असल्याचे आढळले आहे. प्राचीन काळी या बेटावर धातू नव्हता. म्हणून हा शोध अत्यंत महत्त्वाचा आहे. आणि आपले पथक शुक्रवार दि. १९ ऑक्टोबरच्या विमानाने येऊन तेवढा भाग उघडून वस्तू पुढील तपासणीसाठी रारोटोंगाला नेईल.

महोदय, ती वस्तू काय आहे ते मी सांगते. तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे. झाकणावर घोडागाडी व साल छापलेले आहे. आपण मागितलेला वस्तुरूप पुरावा तोच आहे. आत माझ्या मुलीची नाळ आहे.

तुफान आले तेव्हा इना अकरा दिवसांची होती. नाळ नुकतीच गळून पडली होती. ती कुठे ठेवायची हा प्रश्न नव्हता. या घरातल्या सगळ्यांच्या नाळा वाइरोआच्या बांधात ठेवतात. माझ्या यजमानांची होती, भावोजींची होती, त्या लोंढ्याबरोबर समुद्रात गेल्या. चौथा थर रचताना त्यांनी माझ्याकडून डबा मागून घेतला, दाराच्या उजव्या अंगाला ठेवला, वर मोठा दगड बसविला आणि त्या दगडावर बसून बराच वेळ हात पुसत राहिले. मग म्हणाले, “आता ही कुठंही गेली तरी इथली.”

ती गेली. ऑकलंडला नऊ वर्षे झाली. तिकडे कुणी तिला कुठली म्हणून विचारले तर ती म्हणते, दाराजवळची, चौथ्या थरातली. तिचे तिकडचे लोक हसतात म्हणे. मी हसत नाही. नऊ वर्षांत ती आली नाही, पण ती येणार नाही असे मला एकदाही वाटले नाही, आणि त्याचे कारण त्या दगडाखाली आहे.

८. तेव्हा माझी स्थिती आपण कृपया लक्षात घ्यावी. डब्याबद्दल गप्प बसले तर १९ तारखेला आपण बांध उघडून डबा नेणार. डब्याबद्दल सांगितले तर तो पुरावा ठरणार, आणि पुरावा म्हणून आपण बांध उघडून डबा नेणार. बांध जुना म्हटले तर मी घरात कोंडलेली, खाचर कुजणार, आणि २० तारखेला ते हातचे जाणार. बांध नवा म्हटले तर गाव विचारणार की नवा बांध तुमच्या नवऱ्याचा, तर वाइरोआचे नाव कशाला लावता, आणि मग या खाचरावर आमचा हक्क तरी कुठून आला? मी रात्रंदिवस हाच विचार करते. ज्या वाटेने जाऊ बघते तिच्या टोकाला कुणीतरी शिट्टी घेऊन बसलेले आहे. मी सदुसष्ट वर्षांची आहे आणि मला भीती वाटते, हे लिहायला मला लाज वाटत नाही. मला भीती वाटते की मी इथेच, ओसरीवर, खाचर कुजलेले बघत मरेन आणि माझी शवपेटीसुद्धा बादलीतून न्यावी लागेल.

९. त्यातच परवा शनिवारी इनाचा फोन आला.

“आई, काका म्हणत होते तू घराबाहेर पडत नाहीस. गुडघा दुखतोय का?”

मी म्हणाले, “गुडघा ठीक आहे. तू कशी आहेस?”

“मी येतेय. एकोणीस तारखेचं विमान. पिल्लू आठ आठवड्यांचं होईल. आणि ऐक ना, नाळ जपून ठेवलीय, छोट्या डब्यात. बाबांनी माझी ठेवली त्याच्याच शेजारी ठेवायची, हां. काकांना म्हणावं दगड सैल करून ठेवा.”

मी “ये” म्हणाले. बाकीचे काही सांगितले नाही. माझी नात या जगात आल्यापासून तिच्याबद्दल घेतलेला हा पहिला निर्णय, आणि तो मोडणारे पथक त्याच विमानाने, कदाचित तिच्याच शेजारच्या खुर्चीत बसून येणार आहे.

१०. फोन ठेवल्यावर मी ओसरीवर रडत बसले. माझे रडणे भावोजींना पलीकडून दिसते, कारण मध्ये काहीच नाही. ते खुर्चीवरून उठले, शिट्टी न वाजविता बांधाच्या टोकापर्यंत आले, आणि कलम ३ असल्यामुळे तिथेच थांबले.

“वहिनी, इना आली ना लाइनवर?”

“आली. पोरीला घेऊन येतेय. दगड सैल करा म्हणते.”

त्यांनी बांधाकडे पाहिले. त्यांनीच वाहिलेली माती त्याच्या पोटात आहे. मग त्यांनी खिशातून आपला आदेश काढला, ज्याच्या घड्या आता फाटू लागल्या आहेत, आणि म्हणाले, “हे मागचं परिशिष्ट तुम्ही वाचलंय का?”

“मी काय वाचू? तुम्हीच वाचता सारखं.”

“ह्यात लिहिलंय, बांधकाम सुरू झाल्याचा काळ : सुमारे सहाशे वर्षांपूर्वी. खाली लिहिलंय, बांधकाम पूर्ण झाल्याचा काळ : माहीत नाही.” त्यांनी कागद खाली केला. “वहिनी, हा बांध बांधून झाला असं तुम्हाला कुणी सांगितलं?”

मी म्हणाले, “कुणीच नाही. दर पावसाळ्यात दोन दगड घसरतात, दोन बसवतो.”

“मग तुरीच्या डुकराचा गोठा कुठल्या कलमात बसला?”

महोदय, हे त्यांनी सुचविले. खाचर माझ्याकडून गेले तर ते त्यांनाच मिळणार होते, हे त्यांना माझ्याइतकेच ठाऊक आहे. एवढे बोलून ते खुर्चीत जाऊन बसले व त्यांनी वहीत नोंद केली : ‘रखवालदार अर्जदाराशी बोलला. विषय : बांध.’ मी या माणसाला पस्तीस दिवस मनातल्या मनात जे जे म्हणाले ते सर्व मागे घेते.

११. सबब, माझे १२ सप्टेंबरचे निवेदन मी मागे घेत आहे. मे महिन्यातील निवेदनही अपुरे होते. बांध कुणी व केव्हा बांधला याबाबत माझे अंतिम निवेदन, जे आपण कृपया नोंदवून घ्यावे, ते असे :

हा बांध मी बांधला. मी होडीतून उतरले तेव्हा इथे नुसते लव्हाळे होते. मी डोंगरावरचे रान जाळले, त्याचा कोळसा आपल्याकडे आहे. मी पहिले तीन थर रचले व अळू लावला. बांध लोंढ्यात गेला तेव्हा मी उरलेले दगड चिखलातून शोधून वर पाच थर चढविले. माती मीच टोपल्यांनी वाहिली, आणि चुकलेले दगड मीच ओसरीवरून दाखविले. काम सुरू होऊन सहाशे वर्षे झाली. ते अधिसूचनेच्या दिवशी चालू होते. त्या सकाळी साखर घेऊन परत येताना मी दाराशेजारचा घसरलेला दगड बसविणार होते; त्याआधीच शिट्टी वाजली.

तरी कलम ११ प्रमाणे हे बांधकाम पुढे चालू ठेवण्यास मला परवानगी असावी, ही विनंती. बांधकाम करणाऱ्यास बांधावर उभे राहावे लागते, चिखलात उतरावे लागते व पाणी सोडावे-अडवावे लागते, हे श्री. तुरी यांना परवानगी देताना आपण मान्य केलेलेच आहे. खाचरातला अळू काढून लावणे हाही बांधकामाचाच भाग समजावा, कारण अळूच्या मुळांनीच बांधामागची माती धरून ठेवलेली असते. हे डॉ. लॉर्ना यांनी आपल्या अहवालात लिहिले आहे असे भावोजी म्हणतात.

चौथ्या थरातला डबा हा अवशेष नाही. तो बांधकामाचे साहित्य आहे व जिथे बसविला तिथे तो काम करीत आहे. आपल्या पथकाने तो काढू नये. शुक्रवारी विमानतळावर पथकाला माझी मुलगी व नात भेटतील. पथकातल्या कुणाला बांध पाहायचा असेल तर त्यांनी त्यांच्याबरोबर यावे; शनिवारी कावाना येण्यापूर्वी आम्ही दगड काढून परत बसविणार आहोत, तेव्हा दगड धरायला माणसे लागतील. नंतर जेवण आहे.

परवानगीच्या छापील नमुन्यात ‘काम पूर्ण होण्याची अपेक्षित तारीख’ असा रकाना आहे. तो मी कोरा ठेवलेला आहे. इनाच्या मुलीला विचारावे लागेल, आणि ती अजून बोलत नाही.

बांधाच्या आतून,
आपल्या आदेशात राहणारी, नम्र,

तेपाएरू रुआतोए
वाइरोआकरिता
दि. ८ ऑक्टोबर २०१८

सोबत :
१) रखवालदारांच्या वहीची प्रत, नोंदी बारा.
२) श्री. तेआओ यांचे स्वहस्ताक्षरातील निवेदन. त्यात ‘माती मी वाहिली’ असे लिहिलेले आहे. हे लिहिताना त्यांनी टोपी काढून ठेवली होती, म्हणून ते सरकारी समजू नये.
३) जांभळ्या देठाच्या अळूचे एक रोप, कलम ९ चा भंग करून काढलेले, ओल्या फडक्यात. आपल्या आवारात कुठेही चिखल असल्यास लगेच लावावे. उशीर केल्यास मरेल.
४) दुसरा डबा. शुक्रवारच्या विमानाने येत आहे, सबब जोडलेला नाही.